पोलोचे उरलेले पार्ट विकायचेत, सुट्टे विकू की एकदम?

पडवीतला_पिस्टन:
रत्नागिरीतून लिहितोय. माझी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एकाला विकली, चाकं आणि सस्पेन्शन कंपनीचं परत चढवून दिलं, डाउनपाइप (टर्बोनंतरचा बाहेरचा एक्झॉस्ट पाइप) तेवढा त्याला हवा होता म्हणून तसाच ठेवला. आता पडवीत पडलंय ते असं: कॉइलओव्हरचा सेट (उंची कमीजास्त होणारे स्प्रिंग-शॉकअप, दोन पावसाळे चाललेला), १६ इंची अलॉय चार, त्यावर सेमी-स्लिक म्हणजे कमी खाचांचे रेसिंगछाप टायर, इंजिनला हवा ओढणारं इनटेक किट, ब्रेक पॅडचा न फोडलेला बॉक्स आणि डाउनपाइपमुळे काढलेला कंपनीचा कॅटकॉन (धूर साफ करणारा डबा). आई रोज ऐकवते, गणपतीला मुंबैची माणसं आली की ह्या लोखंडावर निजवू का त्यांना. ठाण्याचा एक जण सगळं मिळून २५ हजार म्हणतोय आणि इथला भंगारवाला तर किलोवरच आलाय.

हातखंबा_नाका:
एकदम देऊ नको रे बाबा, लॉटमध्ये मागणारा फक्त अलॉयचे पैसे मोजतो आणि बाकीचं त्याच्या पदरात फुकट पडतं. अलॉय उलटा करून मागचा फोटो टाक, साइझ आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) तिथे असतो. ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळात) ठळक लिही म्हणजे व्हेंटो, रॅपिडवाले, जुन्या पहिल्या ऑक्टाव्हियावाले पण फोन करतील, लॉरावाले करणार नाहीत कारण त्यांचं ५×११२. पोलोचा हब (चाक बसतं तो मधला गोल) ५७.१ मिमीचा, तुझ्या अलॉयचं भोक मोठं असेल तर मधल्या रिंगा शोधून ठेव, त्या हरवल्या की गाडी ८० ला थरथरते आणि शिव्या तुला. इनटेकला नुसतं पोलो लिहू नको, १.२ लिही, २०२० पासून १.० इंजिन आलं. टायरवरचे चार आकडे पण वाच, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा, मग त्याचे पैसे मागूच नको.

मालवणी_टर्बो:
कॅटकॉन किलोवर घालतलंस? मेल्या, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असता, भंगारवाल्याक सगळा म्हायत असता! आधी त्या कोल्हापूरवाल्याला विचार, पीयूसीला अडकला की तोच शोधत येईल. आणि पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला कोणी तर फोन ठेव, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पडवीतला_पिस्टन:
टायर बघितले, १४१७ निघाले 😐 अलॉय बघायला कुडाळहून एक जण रविवारी येतोय. कॉइलओव्हरची खालची कॉलर (फिरवून उंची बदलायची रिंग) मात्र हलतच नाहीये, खारं वारं बसलंय आट्यांत. छिन्नीने दोन ठोकू का?

हातखंबा_नाका:
छिन्नी लांब ठेव!! तारेचा ब्रश मार, डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेव, सकाळी सी-स्पॅनरने (कॉलर फिरवायच्या आकडी पान्याने) आधी थोडी घट्टच्या बाजूला हलव मग उलटी. नाहीच सुटली तर जाहिरातीत लिही कॉलर जाम आहे म्हणून, आणि फोटो त्या कॉलरचाच पहिला टाक.