मदत हवी आहे: मालदीवमध्ये व्हेल शार्क बघायचाय, पण त्याला त्रास न देता

मंडळी, डिसेंबरच्या सुट्टीत मालदीवचं चाललंय. आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि सासूबाई. रिसॉर्ट खिशाला झेपणारं नाही, म्हणून साउथ अरी अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचा पुंजका) धिगुरा बेटावर गेस्टहाउस बघतोय, कारण लेकीला व्हेल शार्क, म्हणजे तो ठिपकेवाला सगळ्यात मोठा मासा, बघायचाच आहे.

आधी फिलिपिन्सचं ओस्लोब डोक्यात होतं, तिकडे हमखास दिसतात म्हणून. मग कळलं की तिथे रोज सकाळी कोळी होड्यांतून त्यांना जवळा चारतात म्हणून ते येतात, फोटोत अक्षरशः होडीला तोंड लावून उभे दिसतात, ते बघून लेकीने ओस्लोबवर काटच मारली. मालदीवमध्ये चारत नाहीत हे ठीक, पण तिथलाही एक व्हिडिओ बघितला, एका माशाभोवती पाच-सहा स्पीडबोटी आणि एकदम तीसेक जणांच्या उड्या. असं असेल तर नको.

एका गेस्टहाउसने व्हॉट्सॲपवर 'नाही दिसला तर पैसे परत' असं कळवलंय, हे चांगलं की वाईट? बोटवाला बरा आहे हे बुकिंगआधी कसं ओळखायचं? आणि सासूबाईंना पोहता येत नाही, त्यांना नेऊ का?

खारावारा:
पैसे परतवाला मी तरी घेणार नाही, मग बोटवाल्याला काहीही करून दाखवायची घाई होते. उलट तुम्हीच विचारा की एका वेळी किती जण पाण्यात सोडता, आणि आधीच दोन-तीन बोटी असतील तर काय करता? 'थांबतो किंवा पुढे जातो' म्हणाला तर माणूस बरा. तिथला नियम अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. बोट हळू चालवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे मासे पृष्ठभागालगत पोहतात आणि प्रोपेलरने कापल्याच्या खुणा तिथल्या बऱ्याच माशांच्या अंगावर आहेत.

बोटीच्या टपावर उभं राहून पोरं रीफच्या (प्रवाळाच्या खडकाच्या) कडेने काळी सावली शोधतात, ती दिसली की सगळे पायात फिन्स (पोहायचे पंखे) चढवायला धावतात. तेव्हा लेकीला सांगा, धपकन उडी नको, कडेवरून अलगद उतर, बाजूने पोह, समोर जाऊ नको. मासा खाली गेला तर जाऊ दे, पाठलाग नाही. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी) लागत नाही, स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) पुरतं, फक्त इकडे स्विमिंग पूलमध्ये सराव करून जा.

तिकडे बहुतेक लहान वयाचे नर दिसतात, साधारण ४ ते ८ मीटरचे, आणि वर्षभर दिसतात. कल्ल्यांमागच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, डाव्या बाजूचा नीट फोटो मिळाला तर मालदीव व्हेल शार्क रिसर्च प्रोग्रामला पाठवता येतो, मासा ओळखीचा आहे का ते त्यावरून कळतं. लेकीला हे काम द्या.

सासूबाईंना न्या, पण पाण्यात नको, बोटीवरूनही सावली छान दिसते. बोट लागण्यावरची गोळी निघायच्या आधी द्या, दिसल्यावर नाही 😄

फिलिपिन्सच करायचं असेल तर दोनसोल बघा. तिथे चारत नाहीत, एका माशामागे एकच बोट, सहाच जण, सोबत ट्रेनिंग घेतलेला स्थानिक माणूस. पण सीझन साधारण फेब्रुवारी ते मे, तुमच्या सुट्टीत जमणार नाही.

धागाकर्ती:
खूप थँक्यू! गेस्टहाउसला हेच दोन प्रश्न पाठवलेत, उत्तर आलं की इथे टाकते. लेकीला चष्मा आहे, नंबरचा मास्क पुण्यात कुठे मिळेल का?