गाडी मागे घेताना: सोसायटी, मॉल, अंगण... तुमचे अनुभव सांगा

आमच्या सोसायटीच्या सभेत यंदा पाणी आणि लिफ्ट बाजूला राहिली, आणि सगळं बोलणं पार्किंगवर अडलं. ठराव साधा होता: प्रत्येकाने गाडी उलटी लावायची, म्हणजे नाक बाहेर, आणि निघताना सरळ पुढे काढायची. काही जणांनी लगेच हात वर केले, काहींना ती सक्ती वाटली. नियमांचा कच्चा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. त्यासाठी ऐकीव सल्ल्यांपेक्षा तुमचे अनुभव हवे आहेत, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. मी ठरावाच्या बाजूने आहे. आत येताना आपण त्या जागेसमोरूनच पुढे जातो, त्यामुळे ती रिकामी आहे हे नुकतंच पाहिलेलं असतं. निघताना मात्र मागे काय आहे याचा पत्ता नसतो. शेजारी उंच गाड्या, मध्ये खांब, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर सायकल शिकणारी मुलं. अशा वेळी गाडी उलटी काढायची तर अर्ध्याहून जास्त बाहेर आल्याशिवाय ड्रायव्हरला आडवं येणारं काही दिसत नाही. शिवाय वळणारी चाकं पुढे असतात, त्यामुळे मागे घेताना गाडी अरुंद जागेत सहज वळून बसते. तीच गाडी नाकाने आत घालायला जास्त मोकळी जागा लागते.

आणि मोकळी जागा राहिली आहे कुठे? आमच्याकडे आखलेल्या जागेची रुंदी २.५ मीटर आहे. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर होती, एक्सयूव्ही ७०० ची १.८९ मीटर आहे. म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन फूट उरतात, आणि त्यातच दार उघडून उतरायचं.

सभेत एक मुद्दा वारंवार आला: १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झालेत, मग वेगळा नियम कशाला? यावर तुमचं काय म्हणणं आहे तेही लिहा.

रसायनीहून, कारखान्यात सुरक्षा विभागात

आमच्या आवारात उलटं पार्किंग हा नियमच आहे, साहेबांच्या गाडीपासून कंत्राटदाराच्या टेम्पोपर्यंत. कारण वेगळं आहे. वायुगळती किंवा आगीचा भोंगा वाजला तर सगळ्या गाड्या एकाच वेळी निघणार. त्या घाईत दोन गाड्या जरी एकमेकींच्या मागे उलट्या आल्या तरी सगळी रांग अडकते. नाक बाहेर असलं की किल्ली फिरवली आणि निघाले.

पण तुमच्या मसुद्यासाठी आमचा दुसरा नियम जास्त कामाचा आहे. ट्रक मागे घेताना खाली एकच माणूस इशारा देतो. बाकी कोणी ओरडायचं नाही, हात हलवायचा नाही. तो माणूस गाडीच्या मागे मधोमध उभा राहत नाही, कोपऱ्याला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा राहतो. आरशातून तो नाहीसा झाला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, मग तो कुठे गेला ते शोधायचं. भिंत आणि गाडी यांच्या मधे कोणीही, कधीही उभं राहायचं नाही. सोसायट्यांमध्ये वॉचमन नेमका तिथेच, भिंतीला पाठ लावून "येऊ द्या, येऊ द्या" करत असतो. ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. एवढी एक गोष्ट तरी नियमात घालाच.

ठाण्याहून, तळमजल्यावरची

ठरावाला माझा विरोध आहे, आणि तो हट्ट म्हणून नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चार गाड्या लागतात. उलट्या लावल्या की चारही सायलेन्सर आमच्या ओट्याकडे तोंड करून. सकाळी साडेसातला गाडी सुरू करतात, एसी लावतात, मुलं खाली यायची वाट बघतात. सासऱ्यांना दमा आहे. खिडकी बंद केली तर फोडणीचा धूर आत, उघडली तर बाहेरचा धूर आत.

"नवीन गाड्या धूर सोडत नाहीत" हे मला तोंडावर सांगितलं गेलंय. गाडी थंड असताना धूर शुद्ध करणारी यंत्रणा नीट काम करत नाही, ती तापावी लागते. म्हणजे सुरुवातीची मिनिटं सगळ्यात वाईट, आणि तीच आमच्या वाट्याला येतात. नियम करताना खिडकीच्या आतल्या माणसाला विचारा.

नागोया, जपान

ठाण्याच्या ताईंचं म्हणणं इथे पाटीवर लिहिलेलं असतं! जपानमध्ये बहुतेक सगळे गाडी उलटीच लावतात, सुपरमार्केटपासून देवळापर्यंत. पण मागे घर किंवा कुंपणाची झाडं असतील तिथे "माएमुकी चुउशा" अशी पाटी दिसते, म्हणजे इथे गाडी नाकाने आत लावा. कारण हेच: धूर माणसांवर आणि झाडांवर जाऊ नये. लोक ती पाटी पाळतात. उलट्या पार्किंगची सवय आणि ही पाटी एकाच आवारात सुखाने नांदतात.

इथे आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बरेच ट्रक मागे येताना बोलतात: "बाक्कु शिमासु, गोचुई कुदासाई", मागे येतोय, कृपया लक्ष द्या. आणि मागे घ्यायला मदत करणारा पेट्रोल पंपावरचा मुलगा "ओराई, ओराई" असं तालात म्हणत राहतो. ताल थांबला की गाडी थांबते.

धागाकर्ती

ठाण्याच्या ताई, तुमचा मुद्दा मसुद्यात घेते. खिडक्यांच्या बाजूच्या जागांना नाक आत, बाकी सगळ्यांना नाक बाहेर, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायचं नाही. रसायनीचा आरशाचा नियमही जसाच्या तसा घेते.

चिपळूणहून, एसटीचा निवृत्त कंडक्टर

गाडी मागे घेणं हे आमच्या वेळी दोघांचं काम होतं. स्टँडवर फलाटाला लावलेली बस बाहेर काढायची म्हणजे रिव्हर्सशिवाय गत्यंतर नाही, आणि मागे कोण नसतं? बोचकी घेतलेल्या म्हाताऱ्या, गाडी चुकेल म्हणून पळणारी पोरं, टायरला टेकून बसलेला एखादा. कंडक्टर खाली उतरून मागे जाई, माणसं हटवी, आणि शिट्टी वाजवी. छोट्या छोट्या शिट्ट्या वाजत असतील तोवर यायचं, लांब शिट्टी झाली की थांबायचं. शिट्टी ऐकू आली नाही तर गाडी हलवायची नाही, मग वेळापत्रक गेलं खड्ड्यात. माझ्याबरोबरचे जुने ड्रायव्हर एवढे पक्के होते की मी खोकलो तरी ब्रेक लागायचा.

आता घरी बसून बघतो. गणपतीला मुंबई-पुण्याच्या गाड्या वाडीत येतात. पाखाडी अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, पावसाने शेवाळलेले. वळवायला जागा कोणाच्या तरी खळ्यात. स्क्रीनवर डोळे लावून गाडी मागे घेतात. अहो, तो सेन्सर समोर काही आडवं आलं तर वाजतो. समोर काहीच नसलं तर? गटार, उतारावरची कड, कठडा नसलेली विहीर, यांना तो काय म्हणणार? त्याच्या हिशेबी रस्ता मोकळा. आमच्या वाडीत एक नवी कोरी गाडी अशीच मागच्या दोन चाकांनी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, लटकली. सेन्सर शेवटपर्यंत गप्प होता. आत आजी आणि नातू होते, देवाने वाचवलं. आणि पावसात कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल बसतो, तो पुसायला कोण उतरतं?

माझं सांगणं, कोकणात येताय तर गाडी मागे घेण्याआधी आतल्या मोठ्या माणसाला उतरवा. लहान मुलं आणि आजी-आजोबांनाही उतरवून अंगणात एका बाजूला बसवा, आणि मोजून घ्या. मग रिव्हर्स टाका.

न्यू जर्सी

काकांच्या "मोजून घ्या" वरून लिहावंसं वाटलं. इथे घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी मागे घेताना मुलं दगावण्याचे प्रकार वर्षानुवर्षं होत होते, आणि बऱ्याचदा गाडी आई, बाबा किंवा आजोबाच चालवत होते. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला कॅमरन गुल्ब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा असाच गेला. गाडी त्याच्या वडिलांची, ते स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्या वडिलांनी पुढे कायद्यासाठी लढा दिला. मुलाच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला, आणि १ मे २०१८ पासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीच्या मागचा १० फूट रुंद, २० फूट लांब पट्टा पडद्यावर दिसलाच पाहिजे.

मागच्या काचेतून किती मोठं क्षेत्र दिसत नाही, हे बघायचं असेल तर गाडीच्या मागे मुलाच्या उंचीची बादली ठेवा आणि सीटवर बसून शोधा. आमच्या मराठी मंडळाच्या पालकांना आम्ही हे करून दाखवतो. दाखवल्यावर कोणी वाद घालत नाही.

नाशिकहून, ड्रायव्हिंग शिकवते

सगळे सुरक्षिततेवर लिहिताहेत, मी वागण्यावर लिहिते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत बायका जास्त. रिव्हर्स त्यांना जमतं. शांत मैदानावर दोन दांड्यांच्या मधे गाडी अलगद बसवतात. मॉलच्या पार्किंगमध्ये गेलं की मागून हॉर्न सुरू होतो, आणि बाजूचे तीन पुरुष एकदम सूचना द्यायला लागतात: काट मारा, सोडा, डावीकडे, अहो डावीकडे! ती बिचारी घाबरून अर्धवट लावते आणि पुढच्या वेळी गाडीच काढत नाही. एका हॉर्नने किती बायकांचं गाडी चालवणं थांबलं असेल!

समोरच्या गाडीचा इंडिकेटर चालू आहे, ती जागा ओलांडून पुढे थांबलीय, मागचा पांढरा दिवा लागलाय, याचा अर्थ ती मागे येणार. एका गाडीएवढी जागा सोडून थांबा. चिकटून उभे राहिलात तर तिला येताच येत नाही, आणि मग हॉर्न तुम्हीच वाजवता. तिची जागा नाकाने घुसून पटकावणं तर मला चोरीच वाटते. आणि मागे घेणाऱ्यांनीही चारही दिवे लुकलुकवू नयेत. कोणत्या बाजूला वळणार ते त्यातून कळत नाही. इंडिकेटर त्यासाठीच दिलाय.

कोल्हापूर

थोडक्यात. दुचाकीवाल्यांनो, पांढरा दिवा दिसला की गाडीच्या मागून कट मारू नका. आणि चारचाकीवाल्यांनो, उन्हाळ्यात कुत्री आणि थंडीत मांजरं गाडीखाली झोपतात. बसण्याआधी वाकून बघा, बोनेटवर थाप मारा.

लेस्टर, इंग्लंड

इथल्या हायवे कोडच्या, म्हणजे वाहतूक नियमांच्या पुस्तकाच्या, २०१ क्रमांकाच्या नियमात लिहिलंय की घराच्या ड्राइव्हवेत शक्यतो उलटं शिरा आणि सरळ बाहेर या. तरी डिसेंबर २०१७ पासून ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नाकाने आत लावून उलटं बाहेर काढणंही विचारू लागले, कारण दुकानात डिकीत सामान भरायचं म्हणून लोक तसंच लावतात. तेव्हा धागाकर्तीताई, नियम काहीही करा, पण दोन्ही नीट शिकवा. सक्तीने उलटी लावणारा आणि मागे न बघणारा माणूस कुठल्याच ठरावाने सुधारत नाही.

नागपूर, मी पाहू शकत नाही

पांढऱ्या दिव्याचा उल्लेख वर दोघांनी केला. मला तो दिसत नाही. मी पांढरी काठी घेऊन रोज आमच्या पार्किंगमधून गेटपर्यंत जातो. गाडी मागे येतेय हे मला पूर्वी इंजिनवरून कळायचं, जुन्या गाड्यांचा रिव्हर्सचा भोंगाही वाजायचा. त्या भोंग्यावर लोक वैतागायचे, पण मला तो हवासा वाटायचा. आता विजेच्या गाड्या आल्या. त्या मागे येताना मला बहुतेक वेळा फक्त टायरखालच्या खडीचा आवाज येतो, आणि फरशीवर तोही नाही.

सेन्सर वाजतो तो आत, ड्रायव्हरसाठी. बाहेरच्या माणसाला तो ऐकू येत नाही, हे मसुदा करताना कोणाच्या लक्षात येत नसावं म्हणून लिहितोय. आमच्या इमारतीत आम्ही असं ठरवलंय: तळमजल्याच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकण्याआधी काच खाली करायची आणि "गाडी मागे घेतोय" असं मोठ्याने म्हणायचं. मी तिथे असलो तर "थांबा, मी आहे" म्हणतो आणि खांबाला हात लावून उभा राहतो. मग ते "या पुढे" म्हणतात. माझा हात धरून ओढत बाजूला नेऊ नका, एवढंही नियमात लिहा. बोललेलं पुरतं.