कुलूप गांजासाठी नाही

'शरीरात गांजासाठी रिसेप्टर आहेत, म्हणजे तो आपल्यासाठीच बनलाय' हा तर्क गमतीशीर आहे, पण उलटा. हे रिसेप्टर (म्हणजे पेशींवरची कुलपं, ज्यांत ठरावीक रेणू किल्लीसारखे बसतात) आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या रेणूंसाठी आहेत. त्या रेणूंपैकी पहिला १९९२ मध्ये सापडला आणि संस्कृत 'आनंद'वरून त्याचं नाव अ‍ॅनंडामाइड ठेवलं. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, त्याच जागी घुसतो, इतकंच.

खरी मजा सीबी१ च्या, म्हणजे मेंदूतल्या अशा मुख्य रिसेप्टरच्या, कामात आहे. एरवी मेंदूत निरोप एका पेशीकडून पुढच्या पेशीकडे जातो. इथे निरोप घेणारी पेशीच गरजेपुरता रेणू बनवून मागे धाडते: 'पुरे आता!' पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरचा सीबी१ ते ऐकतो आणि रसायनाचा स्राव कमी होतो. शरीराचे हे रेणू लगेच तोडले जातात. टीएचसी मात्र रेंगाळतो आणि जिथे नको तिथेही ब्रेक दाबून धरतो. हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागात) हे झालं की वाक्य अर्ध्यावर येईतो सुरुवात काय केली होती तेच आठवत नाही.

गांजातल्याच दुसऱ्या घटकाला, सीबीडीला, यात ओढू नका. तो त्या जागी नीट बसतच नाही, म्हणून नशाही नाही. आणि श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात सीबी१ अगदी विरळ असतात, त्यामुळे अफूसारखा श्वास बंद पडण्याचा धोका इथे फार कमी (म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही, हा भाग वेगळा).