मदत हवी आहे : नाशिकात सॉफ्टवेअरचा व्यवसाय, ओळखीचं गिऱ्हाईक आणि वाढतच गेलेलं काम

नमस्कार मंडळी,

वय २५. संगणक अभियांत्रिकी नाशिकातच केली, मग अडीच वर्षं हिंजवडीत नोकरी. गेल्या वर्षी दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही. आता मी आणि वर्गातला एक मित्र छोट्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देतो. इंदिरानगरात त्याच्या मामांचा वन बीएचके रिकामा होता, तिथे दोन टेबलं टाकलीत. हाताखाली एक मुलगा आहे, त्याला महिना १२,००० देतो. कामाची ददात नाही. पैसे मागायला तोंड उघडत नाही, ही अडचण आहे.

पहिलं काम अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका जॉबवर्कवाल्यांचं (दुसऱ्यांच्या मालावर मशीनकाम करून देणारे) मिळालं. आठ सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, वीस-बावीस माणसं. मालक आणि माझे बाबा पूर्वी सातपूरला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होते. पुढे या मालकांनी, म्हणजे काकांनी, नोकरी सोडून स्वतःचं युनिट टाकलं, बाबा तिथेच राहिले. काकांनी काम सांगितलं ते एवढंच : गिऱ्हाइकाकडून चलनावर (मालासोबतच्या कागदावर) आलेला कच्चा माल, मशीनिंग होऊन परत गेलेला माल, रिजेक्शन आणि स्क्रॅप, यांचा मेळ बसला पाहिजे.

ऐकायला साधं वाटतं, पण त्यांच्याकडे हे सगळं चलनबुकात चालायचं. सुपरवायझर कार्बन घालून तीन प्रती काढायचा. पहिली ठसठशीत, दुसरी फिकट, तिसरीवर कुलंटच्या (मशीन थंड ठेवायच्या तेलकट पाण्याच्या) बोटाचा डाग आणि त्या डागाखाली ४५० की ४८०, ते कुणालाच लागेना. त्या एका आकड्यापायी मी अख्खी दुपार स्टोअरमध्ये बसलो होतो. शेवटी माल वजनकाट्यावर चढवून नग काढले. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत गेला नाही तर पाठवणाऱ्यावर कराचा बोजा येतो, त्यामुळे मोठ्या कंपन्या चलनागणिक हिशोब मागतात आणि काका दर वेळी रात्री उशिरापर्यंत वह्या उलगडत बसायचे. आता चलन टॅबवर निघतं. कुठल्या चलनाचा किती माल शिल्लक आहे, किती दिवस झाले, ते सुपरवायझर उभ्या उभ्या सांगतो. हे आमच्या हातून झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

ठरलं होतं १,४०,००० रुपये आणि चार महिने. लेखी काही नाही. बाबा शेजारी बसले होते, चहा झाला, काकांनी ४०,००० चा चेक दिला. मग ‘एवढं केलंस तर बारकोड पण टाकून दे’. पुढे मशीनवार उत्पादन. त्यानंतर थम्बच्या मशीनवरची हजेरी उचलून पगारपत्रक. प्रत्येक वेळी मी ‘हो काका’ म्हणालो. आज नववा महिना चालू आहे, हातात आले ८०,०००. राहिलेल्या ६०,००० चा विषय काढला की काका म्हणतात, ‘पगारपत्रकाचं तेवढं संपव, एकदमच करू.’ ते वाईट माणूस नाहीत. त्यांचेच पैसे वरच्या कंपनीकडे तीन-तीन महिने अडकलेले असतात, ते मी त्यांच्या लेजरमध्ये रोज बघतो. म्हणूनच जास्त अवघड झालंय.

दुसरं काम दारात उभं आहे. पिंपळगाव बसवंतजवळचं द्राक्षाचं पॅकहाऊस. निर्यातीच्या मालाला बाग नोंदलेली लागते, क्रेट कुठल्या प्लॉटचं ते शेवटच्या पॅलेटपर्यंत सांगता आलं पाहिजे. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेटवरची, म्हणजे द्राक्षबागांच्या ऑनलाइन यादीतली, नोंद वेगळी, पण क्रेटचं वजन, पॅकिंग, प्रीकूलिंगला (माल आधी गार करायला) गेलेले पॅलेट, शेतकऱ्याचा हिशोब हे आतलं सगळं त्यांना आमच्याकडून हवंय. काढणी सुरू व्हायच्या आत. एकदा गाड्या लागल्या की तिथे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, चूक दुरुस्त करायला वेळ मागायची सोय नाही. त्यांची अट अशी की सोर्स कोड, म्हणजे आम्ही लिहिलेला मूळ प्रोग्राम, त्यांच्या नावावर पाहिजे. आता आवक-जावकीचा आमचा जो गाभा आहे तो काकांच्या कामातूनच तयार झालाय, आणि तोच मी इथेही वापरणार आहे.

तर विचारायचं आहे ते हे. काकांकडचं काम थांबवायचं आणि पैसे मागायचे कसे, बाबांची पस्तीस वर्षांची मैत्री न दुखावता? पॅकहाऊसच्या आधी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढावी लागेल का? आणि सोर्स कोडच्या अटीला काय उत्तर द्यायचं? मित्र म्हणतो पुण्याला परत जाऊ. मला जायचं नाही.

प्रतिसाद १

मी सातपूरला बारा वर्षं हाच धंदा करतोय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. पैसे पहिल्यांदा मागू नकोस, आधी ‘काम झालं’ यावर सही घे. एका कागदावर तीन भाग कर : पहिल्या दिवशी काय ठरलं, ते कधी चालू झालं, नंतर काय काय वाढलं. वाढलेल्या प्रत्येक कामापुढे लागलेले दिवस लिही, रक्कम लिहू नकोस. कारखानदाराला दिवस कळतात. मशीन दोन दिवस बंद राहिलं तर काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? मग काकांना सांग : पगारपत्रक हे नवीन काम आहे, त्याचा भाव वेगळा सांगतो, पण आधीचं खातं मिटवू.

आणि ही भेट कारखान्यात घे, घरी नको. बाबांना सोबत नेऊ नकोस. ते शेजारी बसले की तू मित्राचा मुलगा होतोस.

आणखी एक. बारकोड तू फुकट दिलास, ठीक आहे, ते गेलं. त्याचे पैसे आता मागू नकोस. पण यापुढे वर्षाच्या देखभालीचा करार कर. अंबडमधल्या माणसाला तुझ्यापासून खरी भीती एवढीच असते की हा मुलगा उद्या नोकरीला लागला तर माझं सॉफ्टवेअर कोण बघणार. ती भीती काढलीस की तो पैसे द्यायला मागेपुढे बघत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

मी सीए आहे, नाशकातच. दोघं मिळून करताय तर साधी भागीदारी किंवा एलएलपी आज ना उद्या लागेलच, पण पॅकहाऊसचं काम तिच्यासाठी अडायचं कारण नाही. एलएलपीला धंदा असो-नसो, दर वर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि फॉर्म ८ (हिशोबाचं विवरण) भरावे लागतात. ते विसरलेली पोरं माझ्याकडे दंडाचे कागद घेऊन येतात. तूर्त एकाच्या नावावर प्रोप्रायटरशिप आणि दोघांत लेखी करारनामा, इतकं पुरे. तुमच्याइतकी कमी माणसं असतील तर शॉप अॅक्टला (दुकानं-आस्थापनांचा कायदा) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये भरा. करंट खातं उघडा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे, पण तुमची बहुतेक गिऱ्हाइकं स्वतः नोंदणीकृत असल्याने १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या करातून वजावट, त्यांना सहसा मिळतं. आधीच नोंदणी घेतलीत तरी त्यांना महाग पडणार नाही.

सगळ्यात आधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत आहे, मधल्या एजंटाला दमडी देऊ नका. एमएसएमई कायदा (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) २००६ चा. त्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल या मुदतीत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला आयकरात तो खर्च धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये हिशोबनीस स्वतः फोन करून बिलं मागतात. हे हत्यार काकांवर उगारू नका, पुढच्या बिलांवर उद्यम क्रमांक छापा म्हणजे झालं. आणि हो, उद्यम काकांनाही काढायला सांगा. वरची कंपनी त्यांचे पैसे अडवते म्हणालात ना?

प्रतिसाद ३

सोर्स कोडबद्दल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणाली साहित्यकृतीत धरली आहे. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडचा मालक नोकरी देणारा. पण कंत्राटावर लिहिलेल्या कोडचा पहिला मालक लिहिणारा, लेखी हस्तांतर केलं नसेल तर. म्हणजे काकांनी पैसे दिले म्हणून गाभा काकांचा झाला असं नाही. पॅकहाऊसला गाभा वापरण्याचा कायमचा परवाना द्या आणि फक्त त्यांच्यासाठी लिहिलेला भाग त्यांच्या नावावर करा. त्या कागदात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा, नाहीतर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो. तुमच्या हाताखालच्या मुलाला नेमणूकपत्र दिलंय का? नसेल तर त्याने लिहिलेल्या कोडचा मालक कोण, हा प्रश्न उद्या तुमच्याच दारात येईल. हे आजच करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नेमणूकपत्र दिलं नव्हतं. काल दिलं, त्याने ते आईला फोटो काढून पाठवलं.

काकांसाठी कागद केला. नऊ महिन्यांचे दिवस मांडायला बसलो तर मूळ काम ८१ दिवसांचं आणि वाढीव ६४ दिवसांचं निघालं. एवढं झालंय हे मलाच माहीत नव्हतं. बाबांना वाचायला दिला. त्यांनी ‘आपल्या जुन्या संबंधांमुळे’ असं मी सुरुवातीला लिहिलं होतं ती ओळ खोडली, बाकी कशाला हात लावला नाही. भेट शनिवारी दुपारी, अंबडलाच. एकटा जातोय.

पॅकहाऊसला परवान्याचं सांगितलं, ते वकिलाला विचारून कळवतो म्हणाले. तिथे एक प्रश्न अजून आहे. त्यांचं काम वर्षातून तीन-चार महिनेच चालतं, बाकीचा काळ संगणक झाकून ठेवलेले असतात. अशा ठिकाणी देखभालीचा करार वर्षाचा करायचा की हंगामाचा? हंगामात आमचा एक माणूस रात्रपाळीला तिथे बसवावा लागेल असं दिसतंय. द्राक्ष किंवा कांद्याच्या गिऱ्हाइकांबरोबर काम केलेलं कुणी असेल तर भाव कसा धरता ते सांगा.