मदत हवी आहे: जर्मनीतील एम.एस्सी. प्रवेशासाठी किमान उत्तीर्ण सीजीपीए ४ धरतात की ५?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची असून येथील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी यंदा पूर्ण केली आहे. पुढील हिवाळी सत्रासाठी जर्मनीतील विद्यापीठांत एम.एस्सी.करिता अर्ज करण्याची तयारी चालू आहे. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याची जर्मन बाजूची पडताळणी, २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचे आहे, त्याचे १८,००० रुपये भरून झाले आहेत. ब्लॉक्ड अकाउंटमधील, म्हणजे तेथील राहणीखर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यातील, ११,९०४ युरोंची तजवीज बाबा करत आहेत. मी अडले आहे ती एका आकड्यावर.

माझा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची मिळून सरासरी श्रेणी, १० पैकी ७.३ आहे. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ हा उत्तीर्ण होण्याचा शेवटचा गुण असल्यामुळे आपले गुण तेथील पट्टीत बसवण्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. त्यात सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, आणि आलेल्या संख्येच्या तिपटीत १ मिळवायचा. किमान उत्तीर्ण गुण ४ धरले तर माझा जर्मन गुण २.३५ येतो आणि ५ धरले तर २.६२. मी निवडलेल्या चारपैकी तीन अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगल्या गुणाची आहे, म्हणजे चार वर्षांचा अभ्यास एकीकडे आणि हा एक आकडा दुसरीकडे, अशी परिस्थिती आहे.

गुणपत्रिकेच्या मागील बाजूस फिकट करड्या अक्षरांत श्रेणींचा तक्ता छापलेला आहे. त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत ‘पी, उत्तीर्ण, ४’ असे आहे, आणि नेमक्या त्याच ओळीवर महाविद्यालयाचा गोल शिक्का उमटल्यामुळे स्कॅनमध्ये तो ४ नीट वाचताही येत नाही. याउलट माझ्या एका सीनिअरने दोन वर्षांपूर्वी याच महाविद्यालयातून घेतलेल्या पत्रात ‘पदवीसाठी किमान सीजीपीए ५’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. परीक्षा विभागात चौकशी केली असता खिडकीवरच्या काकांनी, “असं पत्र आजवर कोणी मागतलं नाही, उद्या या,” असे सांगितले. तो उद्या गेल्या सोळा दिवसांत उगवलेला नाही.

धरमपेठेतील एका सल्लागाराने सीजीपीएचा नाद सोडून टक्केवारीचे पत्र जोडा, असे सुचवले. मी घरी येऊन हिशेब केला. आमच्याकडील सूत्रानुसार सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणल्यास ६५.५ टक्के होतात, आणि किमान ४० टक्के धरले तरी जर्मन गुण २.७ च्या पुढे जातो. पैसे घेऊन दिलेला सल्ला निदान एकदा कॅल्क्युलेटरवर तपासून द्यायला हवा होता, असे मला वाटते.

तर माझी विचारणा अशी की, विषयात उत्तीर्ण होण्याचा गुण आणि पदवी मिळण्यासाठी लागणारा सीजीपीए हे वेगळे असतील तर सूत्रात कोणता धरतात, आणि त्याचे पत्र महाविद्यालयाच्या परीक्षा नियंत्रकांचे चालते की संलग्न विद्यापीठाचेच लागते? ज्यांनी स्वायत्त महाविद्यालयातून अर्ज केला आहे, त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद १

ताई, मीही नागपूरचाच असून सध्या जर्मनीत आखेनमध्ये शिकत आहे. मला आलेला अनुभव सांगतो. कोणता आकडा आपल्या सोयीचा आहे यापेक्षा कोणता आकडा कागदावर सिद्ध होतो, यावर सगळे अवलंबून असते. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेली शैक्षणिक नियमावली मिळवा आणि पदवीच्या पात्रतेचे कलम स्वतः वाचा. तुमच्या सीनिअरची तुकडी कदाचित वेगळ्या नियमावलीखाली असेल. कलमात सरासरीची वेगळी अट नसेल आणि सर्व विषय उत्तीर्ण होणे एवढेच लिहिलेले असेल, तर ४ लिहून मागण्यात गैर काही नाही. मात्र अट ५ चीच असेल तर ४ चे पत्र मिळवण्याच्या मागे लागू नका, कारण एपीएसचे कामच मुळी कागद खरे आहेत की नाहीत हे तपासण्याचे आहे.

माझेही महाविद्यालय स्वायत्त होते आणि परीक्षा नियंत्रकांच्या सहीचे पत्र चालले. पत्रात कलमाचा क्रमांक घालून घ्यावा. आणि खिडकीवर तोंडी विचारणे बंद करा. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज आवक विभागात द्या व दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. क्रमांक पडला की कागद हलतो. आणखी एक, युनि-असिस्टला, म्हणजे अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेला, पहिल्या अर्जाचे ७५ आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो लागतात, त्यामुळे २.५ ची अट नसलेले एक-दोन अभ्यासक्रम यादीत वाढवायला फार खर्च येणार नाही. अशा अभ्यासक्रमांत तुमच्या विषयांचे क्रेडिट त्यांच्या विषयांशी किती जुळतात, हे जास्त बारकाईने पाहतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. नियमावली ग्रंथालयात मिळाली. आमच्या तुकडीच्या कलमात सर्व विषयांत किमान ‘पी’ श्रेणी एवढीच अट आहे आणि ५ चा उल्लेख कोठेही नाही. सीनिअरची नियमावली खरोखरच जुनी निघाली. आज अर्ज देऊन पोच घेतली. काकांनी कलमावर बोट ठेवून ते दोनदा वाचले आणि, “हे आधीच दाखवाचं ना, बाई,” असे म्हणाले. नियंत्रक रजेवर असल्यामुळे सही सोमवारी होईल. शिक्का मात्र आकड्यावर मारू नका, अशी विनंती मी अर्जातच लिहिली आहे.