मदत हवी आहे: बर्गनमध्ये हार्डांगर फिडल (नॉर्वेचं पारंपरिक व्हायोलिन) कुठे ऐकायला मिळेल?

मंडळी, कोपनहेगन, स्टॉकहोम उरकून सध्या ऑस्लोत आहे. स्टॉकहोमच्या फाशिंग क्लबमध्ये जॅझ ऐकला, झकास होता. पण काल एका आजोबांनी हार्डांगर फिडल हातात दिलं आणि डोकंच फिरलं. वरच्या 4 तारांखाली आणखी 5, गज न लागताच झणझणणाऱ्या. अगदी आपल्या सारंगीच्या तरफेच्या तारा! पट्टीवर शिंपल्याचं जडावकाम, टोकाला कोरलेलं सिंहाचं तोंड.

उद्या 7 तासांच्या ट्रेनने बर्गनला निघतोय, मुक्काम 4 दिवस. संगीतकार ग्रीगचं घर ट्रोल्डहाउगन बघणारच, पण तिथे पियानोच जास्त. हे वाद्य नाचासोबत, घरगुती बैठकीत कुठे ऐकता येईल? तिकडे राहणारं कुणी आहे का? इथली बिअर खिशाला झेपत नाही, त्यामुळे शक्यतो फुकटातली जागा सुचवा.