‘होता तो दुपदरी रस्ताच बरा होता’ म्हणणाऱ्यांना

लांजेकर

‘चौपदरीकरणाने कोकणाचं वाटोळं केलं, होता तो दुपदरी रस्ताच बरा होता’ असं वहाळाकाठचा यांनी काल मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लिहिलं आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बरा कुणाला होता? रात्री लांज्याहून राजापूरकडे जाताना पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, मागे लक्झरी, समोरून टँकर. ज्याला धीर नव्हता तो वळणावरच गाडी बाहेर काढायचा. अशाच एका गाडीला वाट द्यायला माझा चुलतभाऊ दुचाकी घेऊन साइडपट्टीवर उतरला. डांबराची कड आणि खालची माती यांत वीतभर फरक, त्यात पाऊस. चाक परत वर चढलंच नाही. गाडी आडवी झाली आणि मागचा ट्रक अंगावरून गेला. त्याची मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

आणि सावित्रीचा पूल विसरलात? २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडजवळचा १९२८ सालचा दगडी पूल, दोन एसट्या माणसांसकट पुरात गेल्या. नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. पनवेल-इंदापूरचं काम २०११ मध्ये सुरू करून इतकी वर्षं रखडवलं, आपल्या वाट्याचे आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड हे टप्पे मागे ठेवले, याची चीड मलाही आहे. पण उशीर झाला म्हणून कामच नको होतं, हे मला मान्य नाही. दुभाजक आला की समोरासमोरची धडक टळते. बांधीव गटार आलं की डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहत नाही. जुन्या रस्त्याला धड गटार तरी होतं का?

वहाळाकाठचा

ते बांधीव गटार आमच्याकडे येऊन दाखवा.

भराव घालून रस्ता उचलला. पूर्वी पडवीत बसलं की एसटीतली माणसं ओळखू यायची, आता रस्ता डोक्यावर आणि आमचं खळं खाली. कातळावरून येणारा वहाळ, म्हणजे ओढा, रस्त्याखालच्या दगडी मोरीतून पलीकडे जायचा. लहानपणी आम्ही त्या मोरीतून वाकून आरपार जात होतो, एवढी ती मोठी. ती बुजवून सिमेंटचा पाइप टाकला. पहिल्याच मोठ्या पावसात पातेरा, फांद्या आणि भरावाची माती येऊन पाइपाचं तोंड बंद. पाणी मागे फुगलं, दगडी कुंपणाचा गडगा पाडून मळ्यात शिरलं. भाताच्या रोपांचा तरवा लावणीला आला होता, त्यावर चार बोटं लाल चिखल. त्या वर्षी रोपं शेजारच्या वाडीतून मागून आणली. गटार आमच्या गडग्याच्या अलीकडेच संपतं, वरून येणारं सगळं पाणी तिथून थेट आमच्या अंगणात.

तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण साइडपट्टी भरून घ्यायला चौपदरी कशाला लागतो? वळणं सरळ करायची, साइडपट्टी पक्की करायची, ट्रक बाजूला घ्यायला अधूनमधून जागा ठेवायची. एवढ्यात भागलं असतं.

सिव्हिलवाला

एवढ्यात भागलं नसतं. या रस्त्यावर दोन्ही दिशांना अवजड वाहतूक आहे, ओव्हरटेक होणारच. पण पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते मी कामावर असताना डोळ्यांनी पाहिलं आहे.

रस्ता रुंद झाला की आधी मातीत मुरणारं पाणीही गटाराकडे धावतं. वर आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. म्हणून प्रत्येक मोरीचा हिशेब वरच्या डोंगराचं पाणलोट धरून नव्याने करावा लागतो. होतं काय, तर जुनाच पाइप त्याच व्यासाचा आणखी लांब करतात. लांब पाइप जास्त तुंबतो आणि साफ करायला आत माणूस शिरू शकत नाही. तिथे काँक्रीटची चौकोनी बॉक्स मोरीच हवी.

दुसरं वळणाचं. वळणावर सगळा रस्ता एका बाजूला कलता असतो, वरच्या दोन पदरांचं पाणी उतरून दुभाजकाला अडतं. दुभाजकाच्या कडेने निचरा ठेवला नाही तर ते तिथेच साचतं आणि वेगातली गाडी त्यावर तरंगते, ब्रेक लागत नाही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी-४२ या मार्गदर्शक पुस्तिकेत रस्त्याच्या निचऱ्याचं सगळं लिहिलेलं आहे, नवीन काही शोधायचं नाही. आणि ज्या गटाराचं पाणी शेवटी कुठे सोडायचं हे नकाशात दाखवलेलं नाही, ते काम अपुरं समजायचं.

आंबेवाली

तुम्ही सगळे गाडीतून बोलताय. आमची शाळा रस्त्याच्या या बाजूला, वाडी त्या बाजूला. दुपदरी होता तेव्हा दोन्हीकडे बघून पोरं पळत ओलांडायची. आता चार पदर, गाड्या दुप्पट वेगाने. दुभाजकातली मोकळी जागा इतकी दूर आहे की म्हातारी माणसं काठी आधी पलीकडे टाकतात आणि मग दुभाजकावर चढतात. माझी सासू अशीच चढते, डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन. गुरांचं तर विचारूच नका. सुरक्षितता म्हणताय ती कुणाची? वाडीसाठी रस्त्याखालून वाट द्या, मग रुंदीकरणाचं कौतुक सांगा.

लांजेकर

ताई, खालून वाट हवीच. सुरुवातीपासून मागायला हवी होती, तेव्हा गावं मोबदल्याच्या दराच्या पलीकडे बोलत नव्हती.

चिपळूणकर

मोबदल्याचं सोडा, बांधतात काय ते बघा. १६ ऑक्टोबर २०२३ ला आमच्या बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल बांधता बांधता कोसळला. परशुराम घाट डोंगर कापताना रोज दुपारी तासन् तास बंद ठेवावा लागला. रुंदीकरण हवं म्हणताना या कामाची खात्री कोण देणार?

जुना तलाठी

गटार का थांबतं ते मी सांगतो, कारण या कागदांतच माझी सगळी नोकरी सरली. जागेचा ताबा नसतो. ताबा नसतो कारण सातबारा सामाईक. तीस-तीस नावं, निम्मी मयत, वारसनोंद नाही. जिवंत आहेत ते मुंबईत, सहीला बोलावलं तर येत नाहीत. गणपतीला आले की खड्ड्यांच्या नावाने ओरडतात आणि विसर्जन झालं की गायब. वहाळाकाठचा, तुमच्या गडग्याजवळ हेच झालं असणार.

परळचा चाकरमानी

आलं का पुन्हा आमच्यावर! आम्ही सही करत नाही? माझे वडील गिरणीत राबून गावच्या घराच्या कौलांचे पैसे पाठवत होते. ते गेल्यावर वारसनोंदीत आमचं नाव घातलंच नाही. रस्त्याच्या नोटिशीत फक्त काकांची नावं. आम्हाला कळलं ते निवाडा झाल्यावर, तेही दुसऱ्या कुणाकडून. हरकत घेतली तर गावात बोभाटा, की मुंबईवाल्यांनी रस्ता अडवला.

जुना तलाठी

सगळ्यांची गोष्ट अशी नसते. कित्येकांना नोटिसा गेल्या, पोच आहे, तरी आले नाहीत.

परळचा चाकरमानी

कुठल्या पत्त्यावर गेल्या? गिरणी बंद झाली, चाळ पाडली. गावात सख्खे भाऊबंद आहेत, एक फोन केला असता! हिस्सा बुडवायचा होता म्हणून केला नाही.

वहाळाकाठचा

भाऊबंदांवर सरसकट आरोप करू नका. आम्ही जमीन राखली, गडगे घातले, दरवर्षी मळे लावले. तुमच्या हिश्शाचा एक दगड तरी तुम्ही उचललात? आता पैसे आले तर हिस्सा आठवला.

परळचा चाकरमानी

जमीन राखली म्हणून वडिलांचं नाव पुसायचा हक्क मिळतो? हे लिहिताना हात थरथरतोय माझा.

लांजेकर

दोघेही थांबा. हे भांडण घरी बसून मिटवा, इथे रस्त्याचं बोला.

आंबेवाली

रस्त्याचंच आहे हे. गटार त्याच्यापायीच थांबलंय म्हणतात ना?

कोर्टकचेरी

नाही थांबत, आणि म्हणूनच तलाठीकाकांचं म्हणणं मला पटत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात सोय स्पष्ट आहे. कलम ३डी ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारकडे निहित होते, म्हणजे सरकारच्या मालकीची होते. कलम ३जी खाली मोबदल्याची रक्कम ठरते, ती ताबा घेण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. कुणाचा किती हिस्सा यावर वाद असेल तर ३एच(४) प्रमाणे तो दिवाणी न्यायालयाकडे जातो. आणि ३ई ची ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेता येतो. तीस नावं असोत की साठ, भाऊबंदांचा वाद गटार अडवू शकत नाही. अडलं असेल तर रक्कम जमा नाही किंवा तो तुकडा संपादनात धरलेलाच नाही. दोन्हीत चूक खातेदारांची नाही.

जुना तलाठी

कायद्यात आहे ते ठाऊक आहे मला. प्रत्यक्षात वाद दिसला की फाइल बाजूला पडते, वर कुणी विचारत नाही.

कोर्टकचेरी

मग तसं सांगा. गावकऱ्यांना ‘तुमच्या मुंबईवाल्यांमुळे’ असं सांगून वर्षानुवर्षं गप्प बसवलं जातं, हे वाईट आहे.

वहाळाकाठचा

आम्हाला अगदी हेच सांगितलं होतं. साइटवरचा माणूस म्हणाला, तुमच्या भाऊबंदांनी अडवलंय. त्यापायी माझ्या घरात सख्ख्या चुलत्याशी बोलणं बंद आहे.

मागायचं काय आणि कुणाकडे?

कोर्टकचेरी

प्रांताधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज. तुमचा गट नंबर ३डी च्या अधिसूचनेत आहे का, असल्यास किती क्षेत्र, रक्कम जमा झाल्याची तारीख, ताबा पावतीची प्रत. महामार्गाच्या कार्यालयाकडे वेगळा अर्ज, त्यात तुमच्या वहाळावरच्या मोरीचा मंजूर नकाशा मागा.

सिव्हिलवाला

नकाशा आला की इथे टाका. पाइप मंजूर होता की बॉक्स मोरी, ते मी वाचून सांगतो. गटाराचा शेवट कुठे दाखवलाय तेही बघतो.

आंबेवाली

माझ्या वाडीसाठी खालची वाट नकाशात होती का, तेही त्याच अर्जात घालता येईल?

कोर्टकचेरी

तुमच्या नावाने वेगळा करा ताई. मजकूर मी लिहून देतो.

वहाळाकाठचा

अर्ज सोमवारी टाकतो. चाकरमानी, तुमचा गट कुठला ते कळवा, त्याचाही विचारतो. लांजेकर, याचा अर्थ चौपदरीला माझा होकार आहे असा काढू नका. तरवा गेला तो गेलाच.

लांजेकर

नाही काढत. मोरीचं पत्र द्यायला जाल तेव्हा सांगा, मी सोबत येतो. पण दुपदरी बरा होता हे मी कधीच मानणार नाही.